फोटो त्यांच्या घरचा, भांडण आपल्या ग्रुपवर

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सोलापूर आणि आसपासहून या वेळी आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. नटनट्या, क्रिकेटपटू घरचे, मुलाबाळांचे फोटो टाकतात आणि त्यावरून लोक तुटून पडतात. पत्रे थोडक्यात आणि नावे न देता छापत आहोत.

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका अभिनेत्याच्या मुलाच्या नावावरून दोन दिवस नुसती रणधुमाळी चालली होती. मी म्हटलं, लेकराला कशाला मध्ये ओढता? तर धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, फोटो त्यांनीच चारचौघांत टाकला ना? मग आम्ही बोलायचं नाही?" त्यांचं चुकतंय एवढं कळतं, पण नेमकं कुठे ते सांगता येत नाही.
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

दिरांचं निम्मं बरोबर आहे, तिथून सुरुवात करा. वाद घालणं सोपं जाईल. सार्वजनिक पोस्टवर मत देता येतं. "आम्हाला हे नाव आवडलं नाही", "एवढा खर्च कशाला" असं लिहिणं गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ, ज्यात नुसत्या 'त्रासदायक' मजकुरासाठीही अटक होत असे, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं.

पण मत संपून दुसरं काही सुरू होतं, तिथे कायदा आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१, बदनामीसाठी ३५६ आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी किंवा हावभावांसाठी ७९ आहे. अश्लील मजकूर टाकला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लागतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून हरल्यावर विराट कोहलीच्या तान्ह्या मुलीबद्दल बलात्काराची धमकी लिहिली गेली. मुंबई पोलिसांनी त्या प्रकरणात हैदराबादहून एका तरुण इंजिनिअरला अटक केली. एप्रिल २०२४ मध्ये तक्रारदाराच्या संमतीने मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला, पण तोवर जवळपास अडीच वर्षं गेली होती. आपल्या घरात बसून लिहिलं म्हणून कोणी लांब राहत नाही.

आता मुलाचं. आजवरची उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. डिसेंबर २०१६ मध्ये करीना कपूर आणि सैफ अली खान यांच्या नवजात मुलाच्या नावावरून गदारोळ. त्याच महिन्यात मोहम्मद शमीने पत्नीबरोबरचा फोटो टाकला, तर तिच्या बिनबाह्यांच्या कपड्यावरून हल्ला. जुलै २०१७ मध्ये इरफान पठाणच्या पत्नीच्या नखांच्या रंगावरून. एप्रिल २०२४ मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या मुलाच्या नावावरून इतकं ट्रोलिंग झालं की, यापुढे छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. फोटो टाकणारा पुरुष असला तर त्याला 'भाऊ, जरा सांभाळा' असा सल्ला मिळतो. शिव्या बायकोच्या आणि लेकरांच्या वाट्याला येतात. ज्याने पोस्ट केली त्याला सोडून जो नुसता फोटोत आहे त्याला धरायचं, ही टीका कसली?

दिरांना एकच विचारा: हे त्या माणसाच्या कामाबद्दल आहे का? तसं असेल तर जरूर बोला, आणि जिथे बोलायला हवं तिथे लोक गप्प असतात असा आमचा अनुभव आहे. कितीतरी 'घरगुती' पोस्ट मुळात जाहिराती असतात. बाळाच्या हातात मालिशचं तेल, आजीच्या मांडीवर आरोग्यपेयाचा डबा. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन असं दाखवलं तर पोस्टवर 'जाहिरात', 'प्रायोजित' अशा अर्थाचा स्पष्ट शब्द हवा, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. दिरांचा संताप तिकडे वळवा, काहीतरी कामाला येईल.

मी असल्या बातम्या कधी शोधत नाही. तरी मोबाइल उघडला की अमक्या अभिनेत्रीच्या बाळाचा चेहरा, तमक्या खेळाडूच्या बायकोचे कपडे. एकदा वैतागून खाली लिहिलं, "बंद करा हा तमाशा." त्यानंतर तर पूरच आला. आणि फिरणारे स्क्रीनशॉट खरे की बनावट हे कसं ओळखावं?
— निवृत्त शिक्षक, बाळीवेस

सर, पूर आला तो त्या कमेंटमुळेच. तुम्ही थांबलात, उघडलंत, वर चार शब्द लिहिलेत. कोणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या यंत्राच्या हिशेबात हा रस आहे. वैताग आणि कौतुक यांतला फरक त्याला फारसा उपयोगाचा नसतो. शिवाय पलीकडे पैसा आहे. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणी, किंवा ९० दिवसांत एक कोटी शॉर्ट्स व्ह्यूज लागतात. नव्या चॅनेलला हा आकडा गाठायचा तर बाळाच्या फोटोवर लाल बाण आणि 'हे काय केलं?' असा मथळा लावणं स्वस्तात पडतं. एक्सनेही (पूर्वीचं ट्विटर) २०२३ पासून जाहिरातीचा वाटा खातेदारांना द्यायला सुरुवात केली. तिथे खालच्या उत्तरांत जुंपलेलं भांडण हीच कमाई झाली.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. इन्स्टाग्रामवर पोस्टच्या तीन टिंबांवर जाऊन 'नॉट इंटरेस्टेड' दाबा. सेटिंगमधल्या कंटेंट प्रेफरन्सेसमध्ये सुचवलेल्या पोस्ट ३० दिवसांसाठी बंद करता येतात. विशिष्ट शब्द असलेल्या सुचवण्या टाळायची सोयही तिथेच आहे. यूट्यूबवर 'डोन्ट रेकमेंड चॅनेल' दाबा, आणि चुकून पाहिलेले व्हिडिओ वॉच हिस्टरीतून काढा. हिस्टरीचं लोक विसरतात, म्हणून फरक पडत नाही. ऑटोप्लेही बंद ठेवा. एक-दोन दिवसांत फीड सुधारत नाही, आणि मध्येच उत्सुकतेने एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलात तर गाडी पुन्हा मूळ रुळावर.

स्क्रीनशॉटचं म्हणाल तर निळ्या टिकवर विसंबू नका. एक्सवर आणि मेटाच्या ॲपवर ती आता महिन्याचे पैसे भरून मिळते. खात्याचं नाव एकेक अक्षर करून वाचा. जादा अंडरस्कोर, इंग्रजी एलच्या जागी एकचा आकडा, शेवटी 'ऑफिशियल' हे नेहमीचे प्रकार. मग त्या व्यक्तीच्या खऱ्या खात्यावर जाऊन पोस्ट आहे का ते पाहा. स्टोरी २४ तासांत जाते, त्यामुळे 'स्टोरीचा स्क्रीनशॉट' म्हणून आलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पडताळता येत नाही. बनावट करणारे म्हणूनच स्टोरीचा साचा वापरतात. फोटो गूगल लेन्समध्ये टाकलात तर जुना फोटो नव्या वादाला चिकटवलाय का ते बहुतेकदा कळतं. यातलं काहीच जमलं नाही तर पुढे पाठवू नका, झालं.

दादा, आमचं मीम पेज आहे, अस्सल सोलापुरी 'काय बे' टाइप. सेलिब्रिटींच्या फॅमिली फोटोवरचे मीम लई चालतात. खाली फोटो क्रेडिट देतो आणि मथळ्यात प्रश्नचिन्ह टाकतो. कायद्याने सेफ आहे ना?
— कॉलेज विद्यार्थी, अशोक चौक

नाही. क्रेडिट म्हणजे परवानगी नव्हे. फोटोचा कॉपीराइट साधारणपणे काढणाऱ्याचा किंवा ज्याने पैसे देऊन काढून घेतला त्याचा असतो. टीका-समीक्षेसाठी वापराची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, पण सबंध फोटो उचलून वर एक ओळ लिहिणं त्यात बसवणं कठीण. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले की चॅनेल बंद होऊ शकतं, आणि एवढी मेहनत एका रात्रीत जाते.

प्रश्नचिन्हाचं कवचही पातळ आहे. 'अमुकचा घटस्फोट?' असं लिहून खाली घटस्फोट झाल्यासारखंच वर्णन केलं, तर वाचणारा काय समजेल ते पाहिलं जातं. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आराध्या बच्चन हिच्या तब्येतीबद्दल खोट्या बातम्या देणारे व्हिडिओ हटवायला लावले. मूल सेलिब्रिटीचं असो वा साध्या माणसाचं, त्याला सन्मानाने वागवलं जाण्याचा हक्क आहे, हा न्यायालयाचा रोख होता. "मी बनवलं नाही, फक्त शेअर केलं" ही सबबही टिकत नाही. अभिनेते-राजकारणी एस. व्ही. शेखर यांनी महिला पत्रकारांबद्दलची दुसऱ्याची पोस्ट फेसबुकवर शेअर केली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्यावरचे गुन्हे रद्द करायला नकार दिला.

मग मीम करायचेच नाहीत का? करा की. नटाचा अभिनय, त्याचं विधान, त्याची जाहिरात, मुलाखतीतला आव, सगळं तुमचं रान. घरच्या फोटोवर करायचाच झाला तर फोटो न उचलता स्वतः चित्र काढा. आणि मुलाचा चेहरा झाकला म्हणजे काम झालं असं समजू नका. गणवेशावरचं शाळेचं बोधचिन्ह, गाडीचा नंबर, मागची पाटी तशीच राहिली तर चेहरा झाकून उपयोग काय?

मी साड्यांच्या रील करते, बऱ्यापैकी फॉलोअर आहेत. आम्ही घरी तेलुगू बोलतो. गड्ड्याच्या यात्रेत मुलीशी तेलुगूत बोलतानाचा व्हिडिओ टाकला होता. एका पेजने त्यातले आठ सेकंद कापून "हिला मराठीची लाज वाटते" असं लावलं. रात्रीत शेकडो घाण कमेंट आल्या. कोणीतरी मुलीच्या शाळेचं नावही लिहिलंय. मोठ्या लोकांकडे वकील असतात, आमच्यासारख्यांनी काय करायचं?
— साखर पेठ

आधी शाळा. इतर सगळं उद्यावर गेलं तरी चालेल, हे आज करा. मुख्याध्यापकांना फोन करून आणि लेखी कळवा की मुलीला ठरलेल्या व्यक्तीशिवाय कोणाच्या हाती द्यायचं नाही. रिक्षावाल्या काकांनाही सांगा. शाळेचं नाव लिहिलेली कमेंट पुरावा म्हणून जपा, मग रिपोर्ट करा. हा क्रम उलटा झाला की पुरावा जातो, आणि घाबरलेल्या घरात तो नेमका उलटाच होतो.

पुरावा म्हणजे नुसता कापलेला स्क्रीनशॉट नव्हे. शक्य तर कॉम्प्युटरवर उघडा, म्हणजे वर पत्ता, खात्याचं नाव, तारीख-वेळ एकाच चित्रात येईल. पोस्टची लिंक आणि लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलची लिंक वहीत किंवा फाइलमध्ये वेगळी उतरवा. खात्याचं नाव बदलता येतं. वरपासून खालपर्यंत सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग करा. तुमचा पूर्ण मूळ व्हिडिओ फोनमध्ये जपा, आठ सेकंद कुठून कापले ते त्यातूनच दिसेल. या फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्या की दाबल्या जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून ज्या फोनवर हे जपलंय तो फॉरमॅट करू नका, विकू नका.

मग खातं आवरा. तुमची मूळ पोस्ट डिलीट न करता आर्काइव्ह करा. लोकांना दिसणार नाही, पण लाइक-कमेंटसकट तुमच्याकडे राहील. इन्स्टाग्रामच्या 'लिमिट इंटरॅक्शन्स'ने फॉलो न करणाऱ्यांचे आणि नुकतेच चिकटलेल्यांचे मेसेज-कमेंट काही काळ रोखता येतात. लोंढा येतो तो याच लोकांचा, त्यामुळे एका बटणात बराच गोंगाट कमी होतो. ओळखीतलाच कोणी त्रास देत असेल तर ब्लॉकपेक्षा 'रिस्ट्रिक्ट' बरं: त्याची कमेंट त्याला दिसते, इतरांना नाही, आणि त्याला पत्ताही लागत नाही. 'हिडन वर्ड्स'मध्ये शब्द भरताना देवनागरीवर थांबू नका. शिव्या बहुतेक रोमन लिपीत येतात, मध्ये टिंब किंवा स्टार घालून. प्रत्येक शब्दाची चार-पाच रूपं भरावी लागतील, आणि तुमच्या बाबतीत तेलुगू शिव्याही.

रिपोर्ट करताना सगळ्यांनी मिळून एकाच पोस्टवर शंभरदा 'स्पॅम' दाबण्यात अर्थ नाही. कारण नेमकं निवडा. मुलीचं वय १३ पेक्षा कमी असेल तर पालक म्हणून खाजगीपणाच्या भंगाची तक्रार करता येते, ती जोरकस ठरते. कापलेली क्लिप तुमच्या व्हिडिओतली आहे, तेव्हा कॉपीराइटची तक्रारही तुमच्याच हातात आहे. पण त्यात तुमचं नाव समोरच्याला कळू शकतं, हे लक्षात घेऊन ठरवा. दाद मिळाली नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याने २४ तासांत पोच द्यायची असते. निकालाची मुदत मूळ नियमांत १५ दिवसांची होती, नंतरच्या दुरुस्त्यांनी काही प्रकारांत ती बरीच आवळली आहे. तिथेही समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. त्याला वकील लागत नाही.

पोलिसांकडे कधी? धमकी, लैंगिक मजकूर, पाठलाग किंवा मुलीचा ठावठिकाणा लिहिला असेल तर लगेच. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करा, पोचपावतीचा क्रमांक जपा. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. त्यावर वेळ घालवू नका. शहरात पोलीस आयुक्तालय आणि बाकी जिल्ह्यात ग्रामीण पोलीस अशी हद्द आहे, पण हद्दीच्या कारणावरून तक्रार परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याचं, कलम १७३ तसं सांगतं. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो, म्हणून ठाण्यात गेल्यावर निरीक्षकांनाच भेटा. अर्जात "मला ट्रोल केलं" असं न लिहिता, कोणत्या खात्याने, किती वाजता, नेमके कोणते शब्द लिहिले ते लिहा. शिवी असली तरी आहे तशीच लिहा. लाजून गाळली तर कलम लागायला अडचण होते.

"मराठीची लाज वाटते" ही बदनामी मानली तरी तो अदखलपात्र गुन्हा आहे. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. दिवाणी दावा एक वर्षाच्या आत लावावा लागतो. आमचं मत विचाराल तर या एका वाक्यासाठी कोर्टात जाऊ नका. शाळेचं नाव लिहिणाऱ्याला मात्र सोडू नका.

आणि उत्तराचा व्हिडिओ? पहिल्या दोन दिवसांत नको, रडत तर मुळीच नको. त्याचेही आठ सेकंद कापले जातात. करायचाच तर नंतर अर्ध्या मिनिटाचा, मुलीला न दाखवता. तेलुगू आणि कन्नड घरांतून मराठी बोलणाऱ्या या गावात तुम्हाला भाषेची सफाई द्यायची वेळ यावी, हे आम्हाला पटत नाही. सफाई न दिलीत तरी चालेल.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपचा मी ॲडमिन. कोणी एखाद्या नटीबद्दल घाण लिहिलं तर पोलीस मला धरतील का?
— विजापूर रोड

केवळ ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की, सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा समान हेतू दिसायला हवा. म्हणून त्या मजकुराखाली हसण्याचा इमोजी टाकू नका. ॲडमिनला कोणाचाही मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येतो, तो अधिकार वापरा. फारच पेटलं तर रात्रीपुरतं 'फक्त ॲडमिन मेसेज करू शकतात' हे लावा. सकाळी पाण्याच्या टँकरचा विषय निघाला की नटी मागे पडते.

रागाच्या भरात मी एका अभिनेत्रीच्या फोटोखाली तिच्या मुलाच्या जन्माबद्दल ऐकीव गोष्ट लिहिली. ती खोटी निघाली. कमेंट पुसली, पण भीती वाटते.
— होटगी रोड

पुसलीत ते बरं केलंत. मात्र इतरांनी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो तुमच्या हातात नाही. जिथे जिथे ती गोष्ट पाठवली, त्या प्रत्येक ग्रुपवर एक ओळ टाका: 'अमुक तारखेला मी लिहिलेली माहिती खोटी होती, मी ती मागे घेत आहे, पुढे पाठवू नका.' ती खोटी गोष्ट त्या ओळीत पुन्हा लिहू नका, नाहीतर खुलाशाबरोबर तीही फिरते. व्हॉट्सॲपवर सर्वांसाठी डिलीट करायची मुदत जेमतेम अडीच दिवसांची असते, तेव्हा आधी डिलीट करा आणि खुलासा त्यानंतर टाका. त्या अभिनेत्रीला लांबलचक माफीचे मेसेज पाठवू नका. नोटीस आलीच तर स्वतः उत्तर न लिहिता वकिलाला दाखवा, आणि नोटीस आल्यानंतर फोनमधलं काहीही पुसू नका.